खुर्दा किती गेला? लेखक युद्धाशी कसे भांडतात

पानिपतच्या बातमीचं ते सांकेतिक पत्र आपण बहुतेकांनी शाळेत असतानाच ऐकलेलं असतं. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची तर गणतीच नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार. रुपये-खुर्दा म्हणजे उरलेले सगळे: शिलेदार, बारगीर, बाजारबुणगे, यात्रेकरू, तोफांच्या बैलांमागे चालणारी माणसं. पत्र लिहिणाऱ्याने त्यांना तुच्छ लेखलं असं मला वाटत नाही. त्याला निरोप थोडक्यात आणि गुपचूप पोचवायचा होता. पण लढाईचा हिशेब जगभर जवळपास असाच लिहिला जातो. मोत्यांची नावं राहतात, खुर्द्याची बेरीजसुद्धा होत नाही.

युद्धाला विरोध करणारा लेखक नेमकं काय करतो, हे समजून घ्यायला मला हे पत्र फार उपयोगी पडतं. 'युद्ध वाईट, शांतता चांगली' हे सांगायला लेखक लागत नाही. ते कुणीही सांगतं, आणि युद्ध पुकारणारा तर सगळ्यात आधी सांगतो. लेखक खुर्दा मोजायला बसतो. एकेक नाणं उचलून त्यावरचा चेहरा दाखवतो. हे काम दिसायला साधं आहे, पण त्यासाठी लोकांना नोकऱ्या, देश आणि प्रसंगी जीव गमवावा लागला आहे. असं का होतं, हे एका खऱ्या गोष्टीवरून पाहू. गोष्ट १९१७ सालच्या ब्रिटनमधली आहे, पण तिच्या नायकाचं आडनाव पुण्या-मुंबईत रोज हजारो लोकांच्या तोंडी येतं.

आधी शब्द भरती होतात

त्याआधी थोडं शब्दांबद्दल. मराठीत लढाईत माणूस मरत नाही. तो धारातीर्थी पडतो, त्याला वीरमरण येतं, तो कामी येतो. 'कामी आले' हा शब्दप्रयोग जरा थांबून वाचा. कुणाच्या कामी? त्याच्या बायकोच्या तर नक्कीच नाही. या शब्दांमागे आदर आहे हे खरं, आणि ज्या घरातला माणूस गेला त्या घराला त्या आदराचा आधारही वाटतो. पण हेच शब्द मरणाचा वास, चिखल आणि किंकाळी पुसून टाकतात. मग पुढच्या पिढीतल्या पोराला लढाई म्हणजे एखादा सोहळाच वाटू लागतो.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. होरेस या रोमन कवीची एक लॅटिन ओळ युरोपातल्या शाळांमध्ये पिढ्यानपिढ्या पाठ करून घेतली जायची. 'मायभूमीसाठी मरणं गोड आहे, शोभून दिसणारं आहे,' असा तिचा अर्थ. इंग्लंडच्या सँडहर्स्ट लष्करी विद्यालयातल्या प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर १९१३ मध्ये ती कोरली गेली. वर्षभरातच पहिलं महायुद्ध सुरू झालं.

युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने सगळ्यात आधी ज्यांना बोलावून घेतलं, त्यांत लेखक होते. २ सप्टेंबर १९१४ रोजी लंडनच्या वेलिंग्टन हाउसमध्ये बंद दाराआड बैठक झाली. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉईल, एच. जी. वेल्स, थॉमस हार्डी अशी त्या काळातली मोठमोठी माणसं तिथे होती. देशाची बाजू जगासमोर मांडायला लेखणीची मदत हवी होती आणि बहुतेकांनी ती मनापासून दिली. पलीकडे जर्मनीत ऑक्टोबरमध्ये ९३ विद्वानांनी आणि कलावंतांनी आपापल्या सहीने आपल्या सैन्याचं समर्थन करणारं पत्रक काढलं. म्हणजे युद्धविरोधी लेखक उभा राहतो तो रिकाम्या मैदानात नाही. तिथे आधीच दुसरे लेखक उभे असतात, त्यांच्या हाती चांगले शब्द असतात आणि मागे सरकार असतं.

आणि खंदकातला सैनिक? त्याच्या हाती एक छापील कार्ड दिलं जायचं. त्यावर तयार वाक्यं असत: 'मी ठीक आहे', 'मला इस्पितळात दाखल केलं आहे', 'तुमचं पत्र मिळालं'. नको ती वाक्यं खोडायची, खाली सही आणि तारीख लिहायची. एखादा शब्द जरी जास्त लिहिला तरी कार्ड नष्ट केलं जाईल, अशी सूचना वरच छापलेली. लाखो माणसांचं बोलणं एका कार्डावर बसवण्याची ही व्यवस्था होती. 'मला भीती वाटते' हे वाक्य त्या कार्डावर नव्हतं.

ससूनचा पणतू

पुण्याचं ससून हॉस्पिटल, मुंबईतलं ससून डॉक, काळाघोड्याची डेव्हिड ससून लायब्ररी. ज्याच्या नावाने आणि घराण्याने हे सगळं उभं राहिलं तो डेव्हिड ससून बगदादहून मुंबईत येऊन स्थायिक झालेला यहुदी व्यापारी. अफू आणि कापूस यांच्या व्यापारात त्याने अमाप पैसा मिळवला आणि बराचसा दानही केला. पुण्याच्या कॅम्पातल्या लाल देवळाच्या, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनामंदिराच्या, आवारात त्याची कबर आहे. त्याचा एक मुलगा मुंबईत जन्मला आणि पुढे इंग्लंडला गेला. त्या मुलाच्या मुलाने धर्माबाहेर लग्न केलं म्हणून घराण्याने त्याला तोडलं. या तोडलेल्या शाखेत १८८६ मध्ये सिगफ्रीड ससून जन्मला. डेव्हिडचा पणतू. आईला जर्मन संगीतकार वॅग्नरचं वेड, म्हणून नाव जर्मन. आणि त्याच जर्मनांशी लढण्याची वेळ पुढे त्याच्यावर आली.

सिगफ्रीड खाऊनपिऊन सुखी घरातला होता. घोडेस्वारी, कोल्ह्याची शिकार, क्रिकेट आणि फावल्या वेळात गोड गोड कविता. युद्ध जाहीर झालं त्या दिवशी, ४ ऑगस्ट १९१४ ला, त्याच्या अंगावर गणवेश होता. तो सक्तीने नेलेला सैनिक नव्हता, आणि ही बाब फार महत्त्वाची आहे. १९१५ च्या नोव्हेंबरमध्ये गॅलिपोलीच्या मोहिमेत त्याचा धाकटा भाऊ गेला. पुढच्या मार्चमध्ये जिवाभावाचा मित्र गेला. मग ससून इतक्या बेभानपणे लढू लागला की सोबती त्याला 'मॅड जॅक' म्हणू लागले. एका चढाईनंतर गोळ्या आणि बॉम्ब चालू असताना तो दीड तास उघड्यावर राहून जखमी सोबत्यांना मागे आणत होता. त्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. १ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोम नदीकाठची लढाई सुरू झाली. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्यातले १९,२४० जण मेले. ससून त्या दिवशी मागच्या खंदकात होता आणि समोरचं सगळं पाहत होता.

एप्रिल १९१७ मध्ये खांद्याला गोळी लागून तो लंडनला परतला. तिथे त्याला जे दिसलं ते त्याला खंदकापेक्षाही असह्य झालं. लोक नाटकाला जात होते, वर्तमानपत्रं विजयाच्या गोष्टी करत होती, जेवणाच्या टेबलावर म्हातारी माणसं 'आणखी थोडा जोर लावला पाहिजे' असं म्हणत होती. त्याच सुमारास त्याची बर्ट्रंड रसेलशी भेट झाली. तत्त्वज्ञ रसेलने युद्धविरोधी लिखाणापायी दंड भरला होता, केंब्रिजमधली जागा गमावली होती, आणि १९१८ मध्ये तो तुरुंगातही जाणार होता.

ससूनने एक छोटंसं निवेदन लिहिलं. त्याचा मतितार्थ असा: हे निवेदन मी लष्करी अधिकाराची जाणूनबुजून अवज्ञा म्हणून करतो आहे. ज्यांना युद्ध थांबवता येईल तेच ते मुद्दाम लांबवत आहेत असं मला वाटतं. मी सैनिक आहे आणि सैनिकांच्या वतीने बोलतो आहे. ज्या युद्धात मी संरक्षण आणि मुक्ती यांसाठी उतरलो ते आता आक्रमणाचं आणि विजयाचं युद्ध झालं आहे. सैनिकांच्या यातना मी पाहिल्या आहेत, भोगल्याही आहेत; त्या आणखी लांबवण्यात मी सहभागी होणार नाही.

शेवटच्या वाक्यात त्याने घरी बसलेल्यांकडे बोट दाखवलं आहे. ज्या यातना आपल्या वाट्याला येत नाहीत, आणि ज्या मनासमोर आणण्याइतकी कल्पनाशक्तीही आपल्याकडे नाही, त्या चालू राहिल्या तरी बहुतेकांना काही वाटत नाही. ही निर्ढावलेली स्वस्थता मोडायला माझ्या बोलण्याची मदत होवो, असं तो म्हणतो.

मला या सगळ्या निवेदनातला कळीचा शब्द 'कल्पनाशक्ती' वाटतो. लोक दुष्ट आहेत असा आरोप ससून करत नाही. लोकांना दिसत नाही, असं तो म्हणतो. आणि न दिसणारं दाखवणं हा तर लेखकाचा पेशाच. म्हणून हे निवेदन राजकीय असलं तरी एका कवीच्याच हातून उतरू शकलं असं वाटत राहतं.

आता पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. अधिकाऱ्याने अशी अवज्ञा केली म्हणजे लष्करी न्यायालय, आणि ससूनला तेच हवं होतं. खटला झाला असता तर सगळा देश बोलला असता. लिव्हरपूलजवळच्या छावणीत वाट पाहत असताना त्याने पदकाची फीत मर्सी नदीच्या मुखाशी पाण्यात भिरकावली. पण सरकारला शौर्यपदक मिळवलेला हुतात्मा नको होता. त्याचा मित्र, कवी रॉबर्ट ग्रेव्हज, यालाही मित्र तुरुंगात सडायला नको होता. ग्रेव्हजने वैद्यकीय मंडळापुढे साक्ष दिली की याच्या मनावर युद्धाचा परिणाम झाला आहे. मंडळाने ते मान्य केलं. ३० जुलै १९१७ ला एका खासदाराने हे निवेदन संसदेत वाचून दाखवलं, तेव्हा सरकारकडे उत्तर तयार होतं: बिचारा आजारी आहे. ३१ जुलैला 'द टाइम्स'ने ते छापलं. नेमक्या त्याच दिवशी बेल्जियममध्ये पॅशन्डेलची लढाई सुरू झाली आणि पुढचे तीन महिने माणसं चिखलात बुडून मरत राहिली.

विरोध मोडून काढायचा हा प्रकार नीट लक्षात ठेवावा. तुरुंगात टाकलं तर माणूस मोठा होतो. त्याला वेडा ठरवलं, तर त्याचं म्हणणं खोडून काढायची गरजच उरत नाही.

इस्पितळातली शिकवणी

ससूनला एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इथल्या लष्करी इस्पितळात पाठवलं. खंदकात ज्यांची मनं मोडली अशा अधिकाऱ्यांसाठीचं हे ठिकाण. रात्री सगळ्या इमारतीत किंचाळ्या ऐकू येत. डॉक्टर होते डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स, हेच रिव्हर्स काही वर्षांपूर्वी निलगिरीतल्या तोडा लोकांमध्ये राहून त्यांच्यावर मोठा अभ्यासग्रंथ लिहून गेले होते. ते रुग्णांना विजेचे झटके देत नसत, बोलतं करत. त्यांचं काम मात्र विचित्र होतं: माणसाला बरं करायचं आणि पुन्हा मरायला पाठवायचं. त्यांना स्वतःलाही हे टोचत होतं.

ऑगस्टमध्ये एक लाजरा, किंचित तोतरा बोलणारा, २४ वर्षांचा अधिकारी ससूनच्या खोलीचं दार वाजवून आत आला. बगलेत ससूनच्या कवितासंग्रहाच्या काही प्रती, सही हवी म्हणून. हा विल्फ्रेड ओवेन, रेल्वेत नोकरी करणाऱ्या माणसाचा मुलगा. इस्पितळातल्या रुग्णांचं 'हायड्रा' नावाचं मासिक तो चालवायचा. त्यालाही कविता लिहायची होती, पण अजून त्याच्या ओळींत फुलं आणि चांदणं होतं. ससूनने त्याला सांगितलं, जे पाहिलंस ते लिही. ओवेनच्या एका प्रसिद्ध कवितेच्या हस्तलिखितावर ससूनच्या अक्षरातल्या दुरुस्त्या आजही दिसतात. तिच्या शीर्षकातले शब्दही त्यानेच सुचवलेले.

दोघांची रीत वेगळी. ससून चिडून लिहितो. त्याच्या एका कवितेत एक अधिकारी मृत सैनिकाच्या आईला भेटायला जातो. आई पत्र वाचते, अभिमानाने मान वर करते, अधिकारी मुलाच्या शौर्याचे दोन-चार किस्से सांगतो. मग बाहेर पडल्यावर त्याला आठवतं की हा पोरगा घाबरट होता, जखमी होऊन घरी जाता यावं म्हणून धडपडत होता, आणि शेवटी त्याच्या चिंधड्या झाल्या. कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. फक्त त्या पांढऱ्या केसांच्या एकट्या बाईला वाटलं. अधिकाऱ्याने खोटं बोलायला हवं होतं की नको? कविता उत्तर देत नाही. मी ही कविता जितक्यांदा वाचतो तितक्यांदा मला वाटतं, त्याच्या जागी मीही खोटंच बोललो असतो. युद्ध असंच टिकतं, चांगल्या माणसांच्या दयेवरसुद्धा.

ओवेन चिडत नाही, तो कळवळतो. ऑक्टोबर १९१७ मध्ये त्याने होरेसची तीच लॅटिन ओळ उचलली आणि तिच्याभोवती कविता रचली. तिच्यात सैनिक ऐटीत संचलन करत नाहीत. पोत्याखाली वाकलेल्या म्हाताऱ्या भिकाऱ्यांसारखे गुडघ्यात मोडून चिखलातून चालतात. काहींचे बूट हरवलेत, पाय रक्ताळलेत. अचानक विषारी वायू येतो. सगळे घाईघाईने मुखवटे चढवतात. एकाला जमत नाही. मुखवट्याच्या हिरवट काचेतून कवीला तो दिसतो, समुद्रात बुडणाऱ्या माणसासारखा. मग त्याला गाडीत टाकतात आणि कवी त्या गाडीमागे चालतो. शेवटी तो वाचकाला 'मित्रा' अशी हाक मारून म्हणतो, तू माझ्याबरोबर त्या गाडीमागे चालला असतास, फुप्फुसातून उसळून येणारं ते रक्त ऐकलं असतंस, तर शौर्याला आसुसलेल्या मुलांना ते जुनं खोटं इतक्या उत्साहाने सांगितलं नसतंस. आणि मग होरेसची ओळ, जशीच्या तशी.

त्याने त्या ओळीवर वाद घातला नाही. तिच्याआधी एक माणूस मरताना दाखवला, आणि शाळेतल्या फळ्यावरची ओळ फळ्यावरून कायमची उतरली. युद्धविरोधी लेखन नेमकं कसं काम करतं, हे मला एका कवितेवरून दाखवायचं झालं तर मी हीच दाखवेन.

दोघेही बरे झाले आणि दोघेही परत लढायला गेले. हे ऐकून बरेच जण गोंधळतात. युद्ध चूक आहे म्हणणारा परत का जातो? ससूनला सुरक्षित इस्पितळात बसून आपण आपल्या माणसांना टाकून आलो असं वाटत होतं. ओवेनने ऑक्टोबर १९१८ मध्ये आईला लिहिलं की मी या पोरांना मदत करायला आलो: सरळ मदत म्हणजे अधिकारी म्हणून जमेल तितकं नीट नेतृत्व करणं, आडून मदत म्हणजे त्यांच्या यातना पाहणं, म्हणजे वकिलासारखं त्यांची बाजू मांडता येईल. पहिलं काम केलं आहे, असंही त्याने पुढे लिहिलं.

दुसरं पुरं करायला त्याला वेळ मिळाला नाही. ४ नोव्हेंबर १९१८ ला सांब्र-वाझ कालव्यावर तो गोळ्या लागून मेला. युद्ध संपायला एक आठवडा उरला होता. ११ नोव्हेंबरला श्रूजबरी गावात युद्धसमाप्तीच्या घंटा वाजत असताना त्याच्या आईच्या दारात तार आली. जिवंतपणी त्याच्या जेमतेम पाच कविता छापून आल्या होत्या. बाकीच्या १९२० मध्ये ससून आणि ईडिथ सिटवेल यांनी संपादित करून काढल्या. त्या पुस्तकासाठी ओवेनने प्रस्तावनेचं टिपण करून ठेवलं होतं. आजच्या कवीला फक्त सावध करता येतं, म्हणून खऱ्या कवीने खरं बोललं पाहिजे, असं त्यात आहे.

जे.जे.च्या आवारात जन्मलेला दुसरा

ससून लायब्ररीपासून जे.जे. कलाविद्यालयापर्यंत पायी अर्धा तासही लागत नाही. तिथल्या आवारात १८६५ मध्ये रुडयार्ड किपलिंग जन्मला. साम्राज्याचा कवी, युद्धाचा खंदा पुरस्कर्ता. त्याचा मुलगा जॉन डोळ्यांनी अधू होता म्हणून सैन्याने नाकारला. वडिलांनी ओळख वापरून त्याला आयरिश गार्ड्समध्ये जागा मिळवून दिली. सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत जॉन गेला. त्याला अठरा वर्षं पुरी होऊन काही आठवडेच झाले होते. किपलिंगच्या हयातीत मुलाचा देह सापडला नाही.

त्यानंतर हा माणूस युद्धातल्या कबरींची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगात गेला आणि स्मारकांवर, ओळख न पटलेल्या सैनिकांच्या दगडांवर काय कोरायचं ते ठरवू लागला. १९१९ मध्ये त्याने युद्धातल्या मृतांसाठी छोटे छोटे मृत्युलेख लिहिले. त्यातला एक दोनच ओळींचा: आम्ही का मेलो असं कुणी विचारलं तर सांगा, आमचे बाप खोटं बोलले म्हणून.

किपलिंगचं मतपरिवर्तन झालं होतं असं मी म्हणणार नाही. तो युद्धविरोधी कधीच झाला नाही, आणि 'खोटं' म्हणजे त्याच्या मनात बहुधा देशाला वेळीच तयार न करणाऱ्या पुढाऱ्यांचं खोटं असावं. तरी 'बाप' हा शब्द त्याने निवडला, आणि तो स्वतः बाप होता. कधी कधी लेखकापेक्षा त्याची ओळ पुढे जाते.

बातमीपत्रातली एक ओळ

एरिक मारिया रेमार्कबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याची कादंबरी बहुतेकांना ठाऊक असते. त्याला अठराव्या वर्षी जर्मन सैन्यात भरती केलं होतं. १९२९ मध्ये पुस्तक आलं आणि दीड वर्षात २२ भाषांत २५ लाख प्रती खपल्या. पुस्तकाचं नाव सैन्याच्या रोजच्या बातमीपत्रातून उचललं आहे: पश्चिम आघाडीवर नवीन काही नाही. कादंबरीचा नायक पाउल ज्या दिवशी मरतो त्या दिवशीचं बातमीपत्र नेमकं हेच सांगतं. खुर्दा गेला, म्हणून नवीन काही नाही. एका शीर्षकात सगळं पुस्तक मावलं आहे.

१० मे १९३३ ला बर्लिनच्या चौकात नाझी विद्यार्थ्यांनी ज्या पुस्तकांची होळी केली त्यांत हे होतं. रेमार्क तोवर देश सोडून गेला होता. त्याची बहीण एल्फ्रीडे मागे राहिली. जर्मनी हे युद्ध हरणार असं बोलल्याबद्दल १९४३ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. तुझा भाऊ आमच्या हातून निसटला, तू निसटणार नाहीस, असं न्यायाधीश म्हणाल्याचं सांगतात. कादंबरीने कुणाचं काय बिघडतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही बाई लक्षात ठेवावी.

मग उपयोग काय झाला?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. ससूनच्या निवेदनाने युद्ध एक दिवसही आधी थांबलं नाही. ओवेनच्या कविता छापून आल्या तेव्हा तो मेलेला होता. रेमार्कचे लाखो वाचक असतानाही दहा वर्षांत दुसरं महायुद्ध आलं. आणि त्या युद्धाने शांततावाद्यांपुढे सगळ्यात अवघड प्रश्न टाकला: समोर हिटलर असेल तर? ससूनने त्या युद्धाला विरोध केला नाही. १९४५ च्या आत्मकथनपर पुस्तकात त्याने मोकळेपणाने कबूल केलं की नंतर जे घडलं ते पाहता १९१७ मधला तह कायमचा टिकला असता असं मानणं कठीण आहे. त्याच्या निवेदनापेक्षाही मला ही कबुली मोठी वाटते. ओवेनने खऱ्या कवीकडून जी अपेक्षा केली होती, ती ससूनने स्वतःविरुद्धही पाळली.

पण युद्ध थांबलं की नाही या एकाच मापाने मोजलं तर हिशेब चुकतो. होरेसची ओळ आज कुणी गंभीर चेहऱ्याने भाषणात वापरली तर ऐकणाऱ्यांना आधी ओवेनच आठवतो. ज्या भीतीला 'भेकडपणा' म्हणून गोळी घातली जायची, तिला पुढे आजार म्हणून नाव मिळालं. त्यात रिव्हर्ससारख्या डॉक्टरांचा वाटा मोठा, पण त्या आजाराचा चेहरा लोकांना दिसला तो या कवितांतून. पुढचं युद्ध पुकारणाऱ्याला मागच्या युद्धाची सजवलेली भाषा जशीच्या तशी वापरता येत नाही, त्याला नवी शोधावी लागते. लेखक त्याचं काम अवघड करून ठेवतात.

नवी भाषा मात्र लगेच मिळते, आणि ती द्यायला पुन्हा कवीच पुढे येतात. १९३८ मध्ये जपानने चीनवर केलेल्या आक्रमणाचं समर्थन करणारं पत्र योने नोगुची या जपानी कवीने रवींद्रनाथ टागोरांना लिहिलं. दोघांची जुनी ओळख. आशियात नवं जग उभारायचं तर हे युद्ध अटळ आहे, आशिया आशियाई लोकांचा झाला पाहिजे, असा त्याचा सूर. परक्यांच्या राज्यात राहणाऱ्या हिंदी माणसाला ही घोषणा गोडच वाटायला हवी होती. टागोरांनी उत्तर दिलं की तुम्ही ज्या आशियाचं स्वप्न पाहता तो कवट्यांच्या मनोऱ्यावर उभा राहणार आहे. १९१६ मध्ये जपानमध्येच जाऊन त्यांनी राष्ट्रवादाच्या नशेबद्दल सावध केलं होतं, तेव्हाही तिथल्या लोकांना ते रुचलं नव्हतं. आता पत्रव्यवहाराच्या शेवटी त्यांनी लिहिलं: तुमच्या लोकांवर माझं प्रेम आहे, आणि त्यांना मी यश चिंतत नाही, पश्चात्ताप चिंततो.

शत्रूला शिव्या देणं सोपं असतं. ज्यांच्यावर आपलं प्रेम आहे त्यांना पश्चात्ताप चिंतायला टागोरच हवेत.

आपला खुर्दा

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली, सुमारे ७४ हजार परतली नाहीत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत इथे वेढ्यात अडकलेली सहावी पुणे डिव्हिजन २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. उपासमारीने आधीच खंगलेली माणसं मग कैदी म्हणून वाळवंटातून चालवली गेली. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावातले ४६ जण त्या महायुद्धात गेले. गावाच्या नावापुढे आजही 'मिलिटरी' लागतं.

या माणसांचा ओवेन कुठे आहे? त्यांतले बहुतेक शेतकऱ्यांची पोरं, लिहिता येणारे थोडे. जी पत्रं लिहिली-लिहवली गेली ती सेन्सॉरच्या हाताखालून गेली. त्यांचा राग, त्यांची भीती मराठीत कवितेची ओळ होऊन आपल्यापर्यंत पोचली नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. जात्यावरच्या ओव्यांमध्ये दूर गेलेल्या भावाची, लेकाची वाट पाहणाऱ्या बायका आहेत. कदाचित आपल्या बाजूचा हिशेब तिथेच शोधावा लागेल.

मराठीत युद्धाची सावली पहिल्यांदा मला खरी भेटली ती विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये. १९३९ ची कादंबरी. तिच्यात तोफ नाही, खंदक नाही; युरोपातून पूर्वेकडे निघालेली एक बोट आहे, चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आहे, आणि नाझींच्या छळामुळे देश सोडावा लागलेली हॅर्टा आहे. बोटीवरच्या त्या निर्वासितांना कुठलाच किनारा आपला म्हणत नाही. नाव 'रणांगण', आणि सगळी माणसं निःशस्त्र. युद्ध सुरू होण्याआधीच त्याने कोणकोण मारलेलं असतं, हे बेडेकरांना दिसलं होतं.

ओवेन आणि टागोर यांना जोडणारी एक गोष्ट सांगायची राहिली. ओवेनने आईशी एक खूण ठरवून ठेवली होती. ते छापील कार्ड पाठवताना 'मला मागच्या तळावर पाठवलं जात आहे' हे वाक्य दोन रेघांनी खोडलेलं असेल, तर समजायचं की तो पुन्हा आघाडीवर आहे. जास्तीचा एकही शब्द न लिहिता, दोन रेघांत, त्याने सरकारी कार्डाला खरं बोलायला लावलं होतं.

शेवटच्या वेळी लढायला जाताना त्याने आईला टागोरांच्या 'गीतांजली'तल्या ओळी म्हणून दाखवल्या होत्या: मी इथून जाईन तेव्हा माझा निरोपाचा शब्द हा असो, की मी जे पाहिलं त्याला तोड नाही. तो गेल्यानंतर त्याचं खिशातलं टिपणवहीचं पुस्तक घरी आलं. त्यात त्याच ओळी त्याच्या अक्षरात होत्या, खाली टागोरांचं नाव. १ ऑगस्ट १९२० ला सुझन ओवेन यांनी टागोरांना पत्र लिहून हे सगळं कळवलं. आणि विचारलं की फार मागणं होणार नसेल तर एवढं सांगाल का, ती पूर्ण कविता मला कोणत्या पुस्तकात मिळेल?